कोळशाची चटक लागली, आता दुसरी चूल कोणती घ्यावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत स्वतःचं घर, मागे फरसबंद अंगण. गेल्या उन्हाळ्यात २२ इंची वेबर केटल, म्हणजे झाकणाची गोल कोळशाची चूल आणली आणि कोळशाचं वेड लागलं. आता जोडीला दुसरं काहीतरी हवंय, हजार डॉलरपर्यंत खर्चायची तयारी आहे. दुकानदार लाकडी गोळ्यांवर चालणारा पेलेट ग्रिल गळ्यात मारायला बघतोय, ऑफिसातला मित्र कमाडो नावाच्या मडक्यासारख्या सिरॅमिक चुलीचं गुणगान करतोय आणि बायकोचं म्हणणं, साधा गॅस ग्रिल आणा, म्हणजे मंगळवारीही बाहेर काही शिजेल. घरात दोन मुलं. सासू-सासरे दर उन्हाळ्यात काही महिने येतात, ते शाकाहारी. मोसमात दोन-तीनदा पंचवीसेक पाहुणे होतात. शिवाय मनात एकदा तरी बारा तासांचं ब्रिस्केट (गाईच्या छातीचं मांस) किंवा पोर्क शोल्डर (डुकराचा खांदा) करायची हौस आहे.

उत्तर आधीच सांगून टाकतो. तुमच्या जागी मी असतो तर गॅसवर चालणारी मोठी सपाट पोलादी प्लेट घेतली असती. इथे तिला ग्रिडल किंवा फ्लॅट-टॉप म्हणतात. आणि ब्रिस्केटसाठी आहे त्याच केटलला जुंपलं असतं. तुमच्या यादीत ग्रिडल नाहीच, त्यामुळे कारणं जरा सविस्तर द्यावी लागतील.

दुसरं यंत्र घेताना बहुतेक जण विचारतात, सगळ्यात भारी कोणतं? त्यापेक्षा गेल्या उन्हाळ्यात कोणत्या दिवशी केटलवरचं कव्हर निघालंच नाही ते आठवा. कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला घरी आलात, मुलं भुकेली, चिमणीत, म्हणजे कोळसा पेटवायच्या नळकांड्यात, कोळसा पेटायला वीस मिनिटं, वर जाळी तापायला आणखी दहा. त्या दिवशी नाही काढलं. सासूबाई होत्या तेव्हा रविवारी सकाळी नाश्त्याला नाही काढलं. श्रावणात तर नाहीच. बहुतेक वर्षी श्रावण जुलैच्या शेवटी नाहीतर ऑगस्टमध्ये सुरू होतो, म्हणजे इथल्या ग्रिलिंगच्या ऐन भरात. अर्धा मोसम तिथेच जातो. दुसऱ्या यंत्रानं हे रिकामे दिवस भरले पाहिजेत. शनिवारी संध्याकाळी कोंबडीच्या मांड्या भाजायला दोन यंत्रं लागत नाहीत. दोन्हीही चांगली असली तर एक गंजत पडतं, आणि बऱ्याचदा ते आधीचं, स्वस्तातलं असतं.

आता कोळशाचं वेड म्हणजे नेमकं कशाचं वेड, हेही एकदा तपासून घ्या, कारण त्यावर बरंच ठरतं. नीट पेटलेल्या कोळशाला स्वतःचा धूर फारसा नसतो. लाकडातले धूर देणारे घटक कोळसा करतानाच निघून गेलेले असतात. तुम्हाला आवडणारी चव मुख्यतः चरबी आणि मसाल्याचा रस निखाऱ्यावर पडून जो धूर उठतो त्याची असते. तो वर येऊन मांसाला चिकटतो. त्याला निखाऱ्यांच्या थेट धगीची जोड मिळते, त्यामुळे कडा करपतात आणि आत ओलावा राहतो. हिकरीच्या किंवा सफरचंदाच्या लाकडाचा तुकडा टाकल्यावर येते ती चव निराळी. ती लाकूड जळण्याची. काहींना चवीपेक्षा पेटवण्यातच मजा येते: चिमणी भरायची, खाली कागद पेटवायचा, निखारे ओतायचे, बाजूला बसून गप्पा मारायच्या. यात काही वावगं नाही. पण तुम्ही यातले असाल तर पेलेट ग्रिल तुमच्यासाठी नाही, कितीही सवलत असली तरी.

पेलेट ग्रिलबद्दल दुकानदार खोटं बोलत नाही, फक्त अर्धंच सांगतो. एका बाजूला लाकडी भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्यांची पेटी असते. मोटर एका स्क्रूनं त्या गोळ्या जराजरा पुढे ढकलते, छोट्या भांड्यात त्या जळतात, पंखा हवा देतो आणि कंट्रोलर तापमान बघून कमी-जास्त करतो. ओरेगनमधल्या माउंट एंजेल गावच्या जो ट्रेगरनं हे यंत्र आणलं आणि १९८६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पेटंटची मुदत संपल्यावर बाकीच्या कंपन्या उतरल्या आणि आता प्रत्येक दुकानात रांग दिसते. रात्री मांस ठेवून झोपायचं, सकाळी उठून काढायचं, हे त्याचं खरं बलस्थान. ज्यांना आगीकडे बघत बसायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी तो उत्तमच. पण पंखा लावून स्वच्छ जाळलेल्या भुशाचा धूर सौम्य असतो, आणि तापमान जितकं वाढवाल तितका आणखी कमी. रस ठिबकतो तो निखाऱ्यावर नाही, पत्र्यावर. बऱ्याच मॉडेलांची धाव ४५० ते ५०० अंश फॅरेनहाइटपर्यंतच असते, त्यामुळे केटलवर जसा करकरीत थर येतो तसा येत नाही. थोडक्यात, तो अंगणात ठेवलेला धुराचा ओव्हन आहे. त्याला वीज लागते. गोळ्यांना ओल लागली की त्या फुगून भुसा होतो आणि स्क्रू अडकतो. चार-पाच वर्षांनी कंट्रोलर गेला की सुट्या भागांची शोधाशोध सुरू होते. केटलमध्ये बिघडण्यासारखं काय आहे? १९५२ मध्ये शिकागोत जॉर्ज स्टीफननं, ज्या कारखान्यात पाण्यावर तरंगणारे बोये बनत, तिथल्याच गोलाचे दोन भाग घेऊन ती केली. एक वाडगं, एक झाकण, वर-खाली हवेची दारं. आजही त्यापलीकडे काही नाही.

कमाडोचं प्रकरण वेगळं. मित्र सांगतो ते बहुतेक खरं आहे. जाड सिरॅमिकच्या भिंती, झाकण घट्ट बसणारं, कोळसा अगदी थोडा लागतो, आणि बाहेर बर्फ पडत असला तरी आतलं तापमान हलत नाही. मूळ कल्पना जपानमधल्या भात शिजवायच्या मातीच्या चुलीची. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी ती इकडे आणली आणि १९७४ मध्ये अटलांटात एड फिशरनं बिग ग्रीन एग हे दुकान सुरू केलं. पिझ्झा, नान, आख्खी कोंबडी, अठरा तासांचं शोल्डर, सगळं त्यावर होतं. तुम्हाला तो घ्या असं मी का म्हणत नाही? कारण तो तुमच्या केटलचा सवतीसारखा वैरी आहे. दोन्ही कोळशावर, दोन्ही गोल, दोन्ही झाकणाचे. मंगळवारी संध्याकाळी जी अडचण केटलची, तीच कमाडोची. त्यात तो चुकून जास्त तापला की भिंती थंड व्हायला कितीतरी वेळ जातो, आणि एका बाजूला धग व दुसऱ्या बाजूला सावली ही केटलवर सहज जमणारी मांडणी त्या खोल मडक्यात अवघड होते. नावाजलेल्या कंपन्यांचा मोठा आकार घ्यायचा तर हजार डॉलरच्या वर जातो, वजन सत्तर किलोच्या घरात, आणि कलंडला तर फुटतो. तुमच्याकडे काहीच नसतं आणि तुम्ही मिनेसोटात किंवा कॅनडात राहत असतात तर कदाचित पहिलं यंत्र म्हणून मी तोच सुचवला असता.

बायकोचं म्हणणं तिघांत सगळ्यात शहाणपणाचं आहे. गरज तिनं बरोबर ओळखली: पटकन पेटणारं काहीतरी हवं. माझं एवढंच म्हणणं, की गॅसवर यायचंच तर जाळीवर का यायचं? जाळी तुमच्याकडे आहे, आणि कोळशावरची आहे, म्हणजे गॅसच्या जाळीपेक्षा सरस. गॅस ग्रिल जे काही करेल ते केटल त्याच्याहून चवदार करते, फक्त उशिरा. ग्रिडल मात्र केटलला अजिबात न येणारी गोष्ट करते. तिच्यावर पातळ, चिकट, बारीक, रसाळ, पिठाचं, काहीही टाकता येतं. आपल्या स्वयंपाकात जाळीवर जाणारे पदार्थ मोजकेच. तव्यावर जाणाऱ्यांची गणती नाही.

थालीपीठच घ्या. घरात तव्यावर एकावेळी एक होतं, करणारी बाई शेवटी जेवते. ३६ इंची प्लेटवर एकावेळी सात-आठ लागतात. चार बर्नरपैकी दोन मंद ठेवायचे, दोन त्याहून मंद. ओल्या फडक्यावर किंवा पार्चमेंटवर थापायचं, प्लेटवर उलटं टाकून कागद सोलून घ्यायचा, भोकांतून तेल सोडायचं आणि वर मोठं पातेलं किंवा घुमटाकार झाकण उपडं घालायचं. वाफ धरली नाही तर उघड्या हवेत वरची बाजू कोरडी पडते आणि आत भाजणी कच्ची राहते. खालून खमंग वास आला की उलटायचं. डोशाला आणखी एक पथ्य आहे: प्लेट जास्त तापली असेल तर पीठ डावाबरोबर गोळा होऊन येतं. अशा वेळी बर्नर बंद करायचे, पाण्याचा शिपका मारायचा, अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून फिरवायचा आणि मग पुन्हा मंद आचेवर पीठ घालायचं. प्लेट पाणसळीनं सपाट करून घ्या. बऱ्याच ग्रिडलना तेल वाहून जावं म्हणून किंचित उतार असतो, किंवा अंगणालाच असतो, आणि पातळ पीठ मग एका बाजूला पळतं. पायांखालचे स्क्रू फिरवून किंवा एका पायाखाली फरशीचा तुकडा घालून ते जमतं. डोशाच्या दिवशी उतार काढायचा, इतर दिवशी थोडा असू द्यायचा.

मग पावभाजी. मुंबईच्या गाडीवरचा तो भलामोठा तवा आठवा, मध्ये भाजी, कडेला लोण्यात पाव. तेच हे. पंचवीस माणसांची भाजी घरात कुकरला उकडून, बाहेर प्लेटवर लोणी, कांदा, ढोबळी मिरची, टोमॅटो परतून त्यात घोटायची. पाव बाजूच्या बर्नरवर. पाहुणे प्लेटभोवती उभे राहतात आणि कोळशापेक्षाही जास्त गर्दी तिथे होते, हे आमच्या मंडळाच्या उन्हाळी सहलीत दरवर्षी पाहतो. कोळशाची बाजू बरीच वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे हे जरा नाराजीनंच लिहितोय. एक लक्षात ठेवा: टोमॅटोचा आंबटपणा प्लेटवरचा काळा तेलाचा थर खातो. भाजी झाली की गरम असतानाच खरवडून, पुसून, तेलाचं पातळ बोट फिरवायचं.

आणि मासे. रवा लावलेली सुरमई किंवा पापलेट केटलच्या जाळीवर होत नाही, रवा खाली पडतो आणि कातडी जाळीला चिकटून राहते. घरात तळावी तर स्मोक अलार्म ओरडतो, आणि दोन दिवस पडद्यांना वास. ग्रिडलवर बाहेरच्या बाहेर काम. माझ्या ओळखीत कितीतरी जणांनी ही प्लेट केवळ माशांपायी घेतली.

सासू-सासऱ्यांचा मुद्दा मात्र आधी बोलून मोकळा करा. ज्या जाळीवर चिकन भाजलं तिच्यावरचं वांगं ते खाणार नाहीत, हे तुम्ही अनुभवलंच असेल. ग्रिडलचा अर्धा भाग शाकाहारी, अर्धा मांसाहारी अशी वाटणी कागदावर छान दिसते, पण तेल अर्ध्यावर थांबत नाही. माझा सल्ला, ते असतील ते महिने प्लेट पूर्ण शाकाहारी ठेवा आणि मासे, अंडी, चिकन सगळं केटलकडे वळवा. माशांना बिडाचा तवा केटलच्या जाळीवर ठेवला की भागतं. ते गेले की प्लेट मोकळी. परत यायच्या आधी ती खरवडून, चारही बर्नर मोठे करून तापवून, तेलाचा थर नव्यानं चढवता येतो. हे त्यांना चालेल का, ते त्यांनाच विचारा. काहींना चालतं, काही जण म्हणतात नवीन आणा.

घेण्याआधी पैसे न घालवता परीक्षाही होते. एक मोठा बिडाचा तवा किंवा दोन बर्नरांवर बसणारी चौकोनी प्लेट केटलच्या जाळीवर ठेवून महिनाभर वापरून बघा. महिन्यात तव्याला हात लागलाच नाही, तर ग्रिडलही पडून राहील. मग माझं सगळं वरचं विसरा आणि सरळ बायकोचा गॅस ग्रिल घ्या.

राहिली ब्रिस्केटची हौस. इथे लोक घाईनं वेगळा स्मोकर, म्हणजे धुरावर मांस शिजवायचं यंत्र घेतात, आणि २२ इंची केटल धूर देत आठ-दहा तास चालते हे त्यांना माहीतच नसतं. पद्धत अशी. खालच्या कोळशाच्या जाळीवर, वाडग्याच्या कडेकडेनं ब्रिकेट्सची, म्हणजे कोळशाच्या दाबून केलेल्या एकसारख्या वड्यांची साखळी मांडायची. शेजारी-शेजारी दोन, त्यांच्यावर आणखी दोन, अशी अर्ध्या वर्तुळापासून दोन तृतीयांशापर्यंत. पहिल्या निम्म्या भागावर मुठीएवढे चार-पाच लाकडाचे तुकडे, एकमेकांपासून थोडे दूर. मधल्या मोकळ्या जागेत फॉइलची परात, त्यात गरम पाणी. चिमणीत आठ-दहा ब्रिकेट्स पेटवून राखाडी झाल्या की साखळीच्या एका टोकाला ठेवायच्या. त्या हळूहळू पुढच्याला पेटवत जातात, फटाक्यांच्या माळेसारख्या, फक्त अतिशय संथ. खालचं दार पाव उघडं, झाकणावरचं निम्मं, आणि ते आगीच्या विरुद्ध बाजूला, मांसाच्या वर, म्हणजे धूर मांसावरून जातो. तापमान २२५ ते २७५ फॅरेनहाइटमध्ये, म्हणजे ११० ते १३५ सेल्सियसच्या आसपास राहिलं की झालं. अर्ध्या वर्तुळात सहा-सात तास निघतात. दगडासारखा ओबडधोबड लाकडी कोळसा यासाठी चालत नाही, तुकडे लहानमोठे असले की साखळी मध्येच तुटते किंवा एकदम भडकते.

सुरुवात ब्रिस्केटनं करू नका. आख्खं ब्रिस्केट २२ इंचात कसंबसं मावतं आणि एक टोक आगीच्या अंगावर येतं. आठ पौंडांचं पोर्क शोल्डर घ्या, ते चुका पोटात घालतं. घरात दोन्ही चालत नसेल तर लॅम्ब शोल्डर. बोकडाची रान (मांडी) मात्र इतका वेळ सुकी ठेवली तर दोरखंड होते. तिच्यात चरबी कमी, त्यामुळे दह्याच्या मसाल्यात रात्रभर मुरवून, पहिले दोन तास धूर देऊन मग फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून मऊ करायची. शोल्डरचं आतलं तापमान १५० ते १७० फॅरेनहाइटच्या दरम्यान येऊन कित्येक तास अडकतं. नवखे लोक तिथे घाबरून कोळसा वाढवतात. काही बिघडलेलं नसतं: मांसाच्या पृष्ठभागावरून पाणी उडतंय आणि ते मांसाला थंड करतंय. धीर धरा, किंवा बुचर पेपरात, म्हणजे मांस बांधायच्या जाड कागदात गुंडाळा. २०० च्या पुढे, सुई लोण्यात गेल्यासारखी जायला लागली की काढा आणि तासभर गुंडाळून ठेवा. त्यासाठी सुईचा चांगला थर्मामीटर हवा. झाकणावरचा काटा वरच्या हवेचं तापमान सांगतो, मांसाचं नाही. कोंबडी १६५ फॅरेनहाइटच्या आत काढायची नाही, हा इथल्या कृषी खात्याचाच नियम आहे.

असं दोन-चार वेळा करून, तेही पहाटे पाचला उठून, मजा टिकली तर मग १८ इंची वेबर स्मोकी माउंटन बघा. १९८१ पासून जवळपास त्याच घडणीत विकला जाणारा हा बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा स्मोकर. खाली कोळसा, मध्ये पाण्याची परात, वर दोन जाळ्या. न पेटलेल्या कोळशाच्या ढिगाच्या मध्यभागी थोडे पेटते निखारे टाकायचे, म्हणजे आग वरून खाली सावकाश उतरते. जिम मिनियन नावाच्या गड्यानं ही रीत रूढ केली म्हणून ती मिनियन पद्धत. एकदा बसलं की दहा-बारा तास जवळजवळ हात लावायला लागत नाही. याच स्मोकरच्या २२ इंचीच्या मोहात पडू नका. दोन शोल्डर आणि दोन कोंबड्या १८ इंचात मावतात, आणि मोठा कोळसा फार खातो. चार-पाचशे डॉलरच्या आसपास येतो, जुना त्याच्या निम्म्यात मिळतो. पोत्यांनी फासळ्या आणि कोंबड्या आकड्यांना टांगून भाजायचा ड्रमसारखा पिट बॅरलही पंचवीस पाहुण्यांसाठी चांगला, रस थेट निखाऱ्यावर पडत असल्यामुळे त्याची चव तुमच्या केटलच्या चवीच्या जवळ जाते.

लाकडाच्या ओंडक्यांवर चालणाऱ्या, बाजूला वेगळी भट्टी असलेल्या ऑफसेट स्मोकरबद्दल इतकंच: मध्य टेक्ससमध्ये पोस्ट ओक या झाडाच्या लाकडावर जे ब्रिस्केट होतं ते त्याच्यावर, आणि त्याची चव दुसऱ्या कशालाच येत नाही. पण दर अर्ध्या-पाऊण तासानं लाकूड घालावं लागतं आणि हजार डॉलरच्या आतले बहुतेक पातळ पत्र्याचे असतात, फटींतून गळतात. शिवाय न्यू जर्सीत शेजाऱ्याचं घर वीस फुटांवर. तो धूर त्याच्या उघड्या खिडकीत जातो आणि मग टाउनशिपला, म्हणजे गावच्या प्रशासनाला फोन.

तंदूरही मनात आला असेलच. येतोच. मातीचा घरगुती तंदूर पंचवीस माणसांच्या नानला मजा आणतो, पण तापायला तास-दीड तास, जड, आणि इथल्या हिवाळ्यात मातीत मुरलेलं पाणी गोठलं की भेगा पडतात. गॅरेजमध्ये ओढून ठेवायची सोय असेल तर तिसरं यंत्र म्हणून.

पुन्हा ग्रिडलकडे. आकार ३६ इंचीच घ्या, २८ इंची थालीपिठाच्या दिवशी पुरत नाही. बिजागरीचं झाकण असलेली मिळाली तर उत्तम, नाहीतर वेगळं कडक झाकण घ्या. कापडी कव्हरखाली ओल धरते आणि पहिल्याच पावसाळी आठवड्यात तांबेरा चढतो. आणल्यावर कारखान्याचं तेल साबणाच्या पाण्यानं एकदाच धुवायचं, मग चारही बर्नर मोठे करून प्लेट रंग बदलेपर्यंत तापवायची आणि चिमट्यात धरलेल्या फडक्यानं तेलाचा हात फिरवायचा. थर इतका पातळ की पुसून काढल्यासारखा वाटला पाहिजे. जाड लावलात तर चिकट होतो आणि महिन्याभरात पापुद्रे डोशात येतात. धूर थांबला की पुन्हा हात. कडांसकट प्लेट काळी होईपर्यंत. वाऱ्याची एक बाजू ठरलेली असेल तर ग्रिडल घराच्या आडोशाला ठेवावी वाटते, पण भिंतीपासून दहा फूट सोडा. अपार्टमेंटसाठी बऱ्याच ठिकाणी हा कायदाच आहे, स्वतंत्र घराला तो लागू नसला तरी भिंतीवरची व्हायनिलची साइडिंग, म्हणजे प्लॅस्टिकचं आवरण, कायदा वाचत नाही, ती वितळते. वाऱ्यासाठी प्लेटखाली बसणारे पत्र्याचे आडोसे मिळतात. गॅरेजच्या दारात, पाऊस लागू नये म्हणून अर्धं आत, असं ना केटल पेटवायची ना ग्रिडल. कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वास न देता घरात शिरतो.

खरेदीला घाई नसेल तर लेबर डेनंतर जा. सप्टेंबरात दुकानं उन्हाळी माल काढून टाकतात. जुनी घ्यायची तर प्लेटवर सरळ पट्टी ठेवून बाक आहे का बघा. गंज चालेल, तो खरवडून निघतो, पण बाक निघत नाही. बर्नर चारही पेटवून ज्योत शेवटपर्यंत निळी जाते का तेही पाहा. कोळी नळीत जाळं करतात आणि ज्योत पिवळी होते.

हजारातले साधारण चार-पाचशे यात जातील. उरलेल्यात थर्मामीटर, दोन रुंद उलथनी, खरवडणी, आणि केटलवर बसणारी रोटिसरीची कडी घ्या. सासरेबुवा नसतील त्या रविवारी फिरत्या सळईवरची कोंबडी केटलला नवं वय देते. गॅसच्या टाकीचा हिशेब असा: चार बर्नर मिळून तासाला ६०,००० बीटीयू (उष्णतेचं माप), वीस पौंडांच्या टाकीत ४,३०,००० च्या आसपास, म्हणजे सगळं मोठं ठेवलं तर सात तास, मंद आचेवर त्याच्या दुपटीहून जास्त. टाकी जोडल्यावर दर वेळी साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. आणि दुसरी भरलेली टाकी घरामागे उघड्यावर उभी ठेवा, कारण पहिली संपते ती बाराव्या पावाला.